सीटखालचा डबा: एअरबॉक्सच्या वादाचा आढावा

लांब पल्ल्याची मोटारसायकल घेतलेला माणूस दोन-तीन सर्व्हिसिंग झाल्या की एका प्रश्नापाशी येतोच. सीटखाली किंवा टाकीमागे कंपनीने बसवलेला हवेचा डबा आहे तसा ठेवायचा, की त्याच्या तोंडची नळी काढून, झाकणाला भोके पाडून, आतला कागदी फिल्टर बदलून इंजिनाला जास्त हवा मिळवून द्यायची? हिमालयन, डॉमिनार, केटीएम अ‍ॅडव्हेंचर, इंटरसेप्टर या गाड्या खानदेशात दिसू लागल्यापासून जळगाव-भुसावळच्या गॅरेजांत आणि आमच्या असोद्यात हा वाद जास्तच ऐकू येतो. दोन्ही बाजूंचे लोक अनुभवाने बोलतात, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. म्हणून हा वाद आज कुठे येऊन थांबला आहे ते क्रमाने पाहू.

डब्याचे काम

एअरबॉक्स म्हणजे फक्त फिल्टर ठेवायची पेटी, हा समज बराच रूढ आहे. प्रत्यक्षात त्याच्याकडे चार कामे आहेत.

पहिले काम अर्थातच धूळ अडवणे. दुसरे, हवेचा साठा शांत ठेवणे. चार स्ट्रोकचे एका सिलिंडरचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांना हे सेकंदाला ५० वेळा होते, आणि दर वेळी हवा झटक्याने ओढली जाते. डबा पुरेसा मोठा नसेल तर त्या झटक्याला हवा कमी पडते. अभियंते ढोबळ मानाने इंजिनाच्या घनफळाच्या दसपट जागा मागतात. म्हणजे ४११ सीसीच्या हिमालयनला चार लिटरच्या पुढे. सीट, बॅटरी आणि चौकट यांच्या मधे एवढी जागा काढणे सोपे नसते.

तिसरे काम आवाज दाबण्याचे. इंजिनाचा आवाज सायलेन्सरमधून जसा येतो तसा हवा ओढतानाही येतो, आणि तो घोगरा, खोल असतो. आपल्याकडे १७५ सीसीवरील मोटारसायकलच्या आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. त्या आकड्यात बसायचे तर डब्याचे तोंड अरुंद ठेवणे कंपनीला भाग पडते.

चौथे काम सर्वांत कमी माहीत आहे आणि वादाचे मूळ तिथेच आहे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ठरावीक सूर निघतो, तशी डबा आणि त्याची नळी यांची मिळून एक कंपनसंख्या असते. नळीची लांबी-रुंदी आणि डब्याचे घनफळ जुळवून कंपनी ती अशी बसवते की ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यात दाबाची लाट झडप उघडी असतानाच परत येते आणि सिलिंडर थोडा जास्त भरतो. लांब पल्ल्याच्या गाडीत हा पट्टा मुद्दाम मधला निवडतात, कारण मागे माणूस आणि बाजूला सामानाच्या पेट्या घेऊन अजिंठ्याचा घाट चढताना जोर तिथेच लागतो.

वाद कुठून आला

डब्याशी खेळ करण्याची सवय आपल्याकडे दोन स्ट्रोकच्या काळात लागली. यामाहाची आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ विकली गेली. तिचा डबा मोकळा करायचा आणि कार्बोरेटरचा मेन जेट एक-दोन आकड्यांनी वाढवायचा, हा उद्योग गावोगावच्या मिस्त्रींना पाठ होता. बुलेटवाले बाजूच्या पेटीतला फिल्टर काढून थेट कार्बोरेटरवर शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवत. हवा वाढली की पेट्रोल वाढवायचे, आणि बरोबर झाले की नाही ते प्लगच्या रंगावरून ठरवायचे: तपकिरी असेल तर ठीक, पांढरा पडला तर मिश्रण पातळ, काळा पडला तर जाड. या पद्धतीत अंदाज पुष्कळ होता, पण हवा आणि इंधन हे दोन्ही मिस्त्रीच्या हातात होते. ही गोष्ट महत्त्वाची आहे.

२००३ मध्ये करिझ्मा आली आणि लांबच्या प्रवासाचा शौक मध्यमवर्गात रुजला. २००९ च्या क्लासिक ५०० मध्ये फ्युएल इंजेक्शन आले. हिमालयन २०१६ मध्ये कार्बोरेटर घेऊन आली आणि २०१७ मध्ये इंजेक्शनवर गेली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. आता हवा हाताने वाढवता येते, पण इंधन ठरवणारा संगणक बंद पेटीत असतो. सवय जुनी राहिली आणि यंत्र बदलले. आजचे बरेचसे गैरसमज या फटीतून आलेले आहेत.

मोकळे करणाऱ्यांचे म्हणणे

या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे. कंपनी गाडी केवळ ताकदीसाठी बनवत नाही. आवाज, धूर, मायलेज, किंमत या सगळ्यांशी तिला तडजोड करावी लागते. ती तडजोड सर्वांत स्पष्ट दिसते ती डब्याच्या तोंडाशी. दोन बोटे जेमतेम जातील एवढी नळी आणि आत वाटेत आडवा आलेला प्लास्टिकचा पडदा. हे काढले तर वरच्या फेऱ्यांत इंजिन मोकळे चालते, असे ते सांगतात. रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसीच्या जुळ्या सिलिंडरच्या गाड्या २०१८ मध्ये आल्यापासून त्यांच्यासाठी डब्याची मोकळी झाकणे आणि सुती फिल्टर जगभर विकले जातात. विकत घेणारे सगळेच भोळे आहेत असे म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा टिकाऊपणाचा. सुती जाळीचा तेल लावलेला फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, कागदी फेकावा लागतो. लडाखच्या वाटेवर कागदी फिल्टर कुठे मिळणार, हा प्रश्न खरा आहे. कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखाला सुती फिल्टरबद्दल थोडी आपुलकी वाटावी, यातही गैर नाही.

तिसरा मुद्दा जाणवण्याचा. डबा उघडल्यावर पिकअप वाढल्याचे जवळपास प्रत्येक जण सांगतो. इथे मात्र थोडे थांबायला हवे. डबा उघडला की हवा ओढण्याचा आवाज स्वाराच्या मांडीखालून थेट कानापर्यंत येतो, आणि मोठा आवाज माणसाला जास्त वेग वाटतो. सांगणारा खोटे बोलत नसतो. पण कानाने मोजलेली ताकद ताकदीचा पुरावा होत नाही, हे मोकळे करणाऱ्यांतले जाणकारही मान्य करतात.

राखणाऱ्यांचे म्हणणे

या बाजूकडे आकडे जास्त आहेत, म्हणून त्यांच्यापाशी जरा रेंगाळतो.

हवेच्या वाटेत अडथळा किती आहे हे मोजण्यासाठी फार मोठे यंत्र लागत नाही. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, डब्याला बारीक नळी जोडायची. ती पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून टाकीशेजारी पट्टीवर बांधायची आणि त्यात रंगीत पाणी भरायचे. एका सिलिंडरच्या झटक्यांनी पाणी नाचते, म्हणून वाटेत जुन्या कार्बोरेटरचा बारीक जेट घालायचा, मग ते स्थिर होते. नळीचे दोन्ही पाय अर्ध्या मीटरहून लांब हवेत, नाहीतर पाणी इंजिनात ओढले जाईल. पूर्ण थ्रॉटलवर दोन पातळ्यांतला फरक पाहायचा. पाण्याचा १ सेंटीमीटर फरक म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण एक हजारावा भाग. फरक २० सेंटीमीटर आला तर सगळा अडथळा काढून टाकूनही सरासरी दाबातला फायदा २ टक्क्यांपर्यंतच राहील. चाळीस अश्वशक्तीच्या गाडीत २ टक्के म्हणजे एक अश्वशक्तीदेखील नाही.

वाऱ्याच्या जोराने हवा आत कोंबली जाईल, म्हणून तोंड पुढे वळवावे, अशीही एक सूचना असते. ताशी १०० किलोमीटरला वाऱ्याचा दाब ४४० पास्कलच्या आसपास भरतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी. रेसच्या गाडीला ताशी २५० ला याचा उपयोग आहे, टूरिंगच्या गाडीला नाही.

उष्णतेचा मुद्दा खानदेशाला जास्त लागू पडतो. कंपनीची नळी बहुधा अशा जागेवरून हवा घेते जिथे इंजिनाची धग पोचत नाही. डब्याला बाजूने भोके पाडली तर तीच धग आत जाते. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे भोकांनी जे मिळवले ते धगीने परत नेले. जळगावचा मे महिना आधीच ४५ अंशांचा. २५ अंशांच्या तुलनेत इथली उन्हाळी हवा सहा टक्क्यांनी विरळ असते. प्रयोगशाळेत २५ अंशांवर मोजलेली ताकद इथे मे महिन्यात कोणत्याच गाडीला मिळत नाही, डबा कसाही असो.

शेवटचा मुद्दा कंपनसंख्येचा. नळी काढली की डब्याचा सूर वर सरकतो. वरच्या फेऱ्यांत थोडे हाती येते आणि मधल्या पट्ट्यातून थोडे जाते. रेस करणाऱ्याला हा सौदा परवडतो. सामान लादून ३,००० ते ५,००० फेऱ्यांत दिवस काढणाऱ्याला तो महागच पडतो.

इंधनाचा हिशेब

दोन बाजूंच्या मधे एक तिसरा गट आहे आणि तांत्रिक दृष्ट्या तो सर्वांत भक्कम आहे. त्याचे म्हणणे असे की हवेबद्दल एकटे बोलण्यात अर्थ नाही.

आजच्या गाडीत एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. संथ, एकसारख्या वेगात संगणक त्याचे ऐकून मिश्रण जुळवत राहतो. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण एक भाग इंधनाला १४.७ भाग हवा, वजनाने. म्हणून हायवेवर ८० च्या वेगाला डबा उघडा असो वा बंद, संगणक चूक सुधारून घेतो आणि काहीच फरक जाणवत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडला की हा सेन्सर बाजूला पडतो आणि संगणक आधीच साठवलेल्या कोष्टकातून इंधन देतो. ते कोष्टक बंद डब्यासाठी लिहिलेले असते. हवा खरोखर वाढली असेल तर मिश्रण नेमके त्याच वेळी पातळ होते, जेव्हा इंजिनावर सर्वांत जास्त भार असतो. थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येतो, एक्झॉस्ट झडप तापते, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ठोका येण्याची शक्यता वाढते. ‘माझ्या गाडीला काही झाले नाही’ आणि ‘माझी गाडी तापायला लागली’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात ती यामुळे. दोघांची चालवण्याची पद्धत वेगळी असते.

यावर उपाय आहेत. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे पॉवरट्रॉनिक हे मधे बसवायचे यंत्र इंधनाचे कोष्टक बदलू देते. काही ठिकाणी मूळ संगणकच नव्याने लिहून देतात. हवा आहे त्यापेक्षा थंड आहे असे संगणकाला भासवून इंधन थोडे वाढवणारे स्वस्त प्लगही मिळतात. ते सगळीकडे सारखेच वाढवतात, म्हणून ढोबळ आहेत. नीट काम करायचे तर डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, रुंद पट्ट्याचा ऑक्सिजन सेन्सर लावून, फेऱ्यांच्या प्रत्येक टप्प्याला इंधन जुळवावे लागते. ते करणारे पुण्या-मुंबईत सापडतात. तिथे जाऊन येण्याचा खर्च, यंत्राची किंमत आणि ट्यूनिंगची मजुरी जमेस धरली की हा फुकटचा बदल राहत नाही.

इथेनॉलने हा हिशेब आणखी घट्ट केला आहे. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पोचले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे या इंधनाला १३.५ च्या आसपास हवा पुरते. जुन्या कोष्टकावर चालणारी गाडी पूर्ण थ्रॉटलला आधीच थोडी पातळ चाललेली असते. तिचा डबा उघडला तर पातळपणात भर पडते. २०१५ सालचे सल्ले २०२५ च्या पंपावरच्या इंधनाला लागू पडत नाहीत, हे लक्षात घ्यायला हवे.

धूळ

आतापर्यंतचा वाद पुण्यात किंवा युरोपात असाच झाला असता. इथून पुढचा आपला.

कवयित्री बहिणाबाई चौधरींचे माहेर असलेले असोदा जळगावपासून जेमतेम पाच-सहा किलोमीटर. चहूकडे तापी खोऱ्याची काळी जमीन. ही माती पावसाळ्यात चाकाला चिकटून मडगार्ड भरते आणि उन्हाळ्यात पिठासारखी उडते. त्यात जवळच्या तरसोदहून दोन्ही बाजूंना, फागण्याकडे आणि चिखलीकडे, महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे चालले. जळगाव-अजिंठा रस्ताही अनेक वर्षे उखडलेला होता. त्या कामांची धूळ काळ्या मातीची नसते. ती फोडलेल्या बसाल्टची, राखाडी आणि टोकदार असते. हिवाळ्यात जिनिंगच्या आसपास रुईचे तंतू उडतात आणि डब्याच्या तोंडच्या जाळीवर चिकटून बसतात.

४११ सीसीचे इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ५,००० फेऱ्यांना मिनिटाला सुमारे १,००० लिटर हवा ओढते. फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवत असेल तर अर्धा टक्का आत जाते. ९८ टक्के अडवत असेल तर दोन टक्के. दोन्ही आकडे कानाला सारखेच वाटतात, पण आत जाणारी धूळ चौपट झालेली असते. रिंग आणि बोअर यांच्यात तेलाचा जो थर असतो त्याची जाडी काही मायक्रॉन. त्याच मापाचे कण सर्वांत जास्त घासतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

कागदी फिल्टरचे एक वैशिष्ट्य असे की थोडी धूळ बसल्यावर तो आणखी बारीक कण अडवतो, मात्र हवेला अडथळाही वाढतो. सुती फिल्टर तेलावर चालतो. तेल कमी पडले, किंवा उन्हाने सुकले, तर उरते ती नुसती जाळी. फोमचे तसेच, म्हणूनच डर्ट रेसवाले फोम वापरतात पण दर शर्यतीनंतर धुऊन पुन्हा तेल लावतात. ती शिस्त ज्याच्याकडे आहे त्याने फोम जरूर वापरावा. वर्षातून एकदा सीट काढणाऱ्याला कागदीच बरा.

मोकळे करणे की राखणे, यापेक्षा इथल्या मिस्त्रींना वेगळीच काळजी असते. ‘गाडी धूळ खाते’ असे ते म्हणतात तेव्हा फिल्टरपेक्षा त्याच्या कडेकडे बोट दाखवतात. फिल्टर काढा आणि थ्रॉटलकडे जाणाऱ्या रबरी नळीत पांढरे फडके बोटाला गुंडाळून फिरवा. फडके स्वच्छ निघाले तर डबा आपले काम करतो आहे. राखाडी रेघ आली तर धूळ फिल्टरमधून नाही, बाजूने शिरते आहे: रबरी कड नीट बसलेली नाही, झाकणाचा एक स्क्रू ढिला आहे, किंवा बाजारातला फिल्टर मिलिमीटरभर लहान आहे. कडेला ग्रीसचे पातळ बोट फिरवणे हा पन्नास पैशांचा उपाय आहे आणि त्याने जे वाचते ते कोणत्याही महागड्या फिल्टरने वाचत नाही.

उलट एक सवय सर्रास नुकसान करते. कागदी फिल्टरवर कॉम्प्रेसरची जोराची हवा मारून ‘साफ’ करून देणे. तंतू फाटतात, आणि अनेक गाड्यांत कंपनीचा कागद तेलाने ओला केलेला असतो, त्याचे तेल उडून जाते. तो फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. इंजिन बोअर करण्याच्या खर्चापुढे काही शे रुपये ही किंमत नव्हे.

पावसाळ्याबद्दल एकच सांगायचे. डब्याचे तोंड कंपनीने उंच ठेवलेले असते ते नाल्याच्या पाण्यासाठी. खाली किंवा बाजूला भोक पाडले की भरल्या फरशी पुलावरून गाडी काढताना पाणी सिलिंडरमध्ये जाऊ शकते, आणि पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो.

कायदा

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलात मालकाने फेरफार करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज व प्रदूषणासाठी कलम १९० वेगळे आहे, त्यात दंड १०,००० पर्यंत जातो.

डबा त्यात मोडतो का? नोंदणी पुस्तकात एअरबॉक्सचा उल्लेख नसतो, म्हणून मोडत नाही, असे एक म्हणणे. प्रकार-मान्यता संपूर्ण गाडीला, डब्यासकट, मिळालेली असते, म्हणून मोडतो, असे दुसरे. रस्त्यावर पोलीस सायलेन्सर पाहतात, सीट उचलत नाहीत. पीयूसीची तपासणी गाडी उभी असताना, संथ फेऱ्यांवर होते, त्यामुळे पूर्ण थ्रॉटलला काय चालते ते तिला कळत नाही. पकडले जात नाही म्हणजे चालते, असा अर्थ मात्र यातून काढता येणार नाही. वॉरंटीचा दावा आला की सर्व्हिस सेंटर सीट उचलतेच.

काय सुटलेले नाही

काही प्रश्न खरोखर उघडे आहेत. मधल्या पट्ट्यातले नुकसान आणि वरच्या पट्ट्यातला फायदा प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो. सरसकट नियम कुणालाच देता येत नाही. डायनोचे आकडेही एकाच दिवशी, एकाच तापमानाला, उघड्या व बंद डब्याने आलटून-पालटून घेतले तरच विश्वास ठेवण्याजोगे असतात. जाहिरातींत दिसणारे आकडे कोणत्या परिस्थितीत घेतले ते क्वचितच लिहिलेले असते. एक-दोन टक्क्यांचा फरक तर यंत्राच्या स्वतःच्या चढउतारातही लपून जातो.

दुसरा प्रश्न झिजेचा. आपल्या धुळीत, आपल्या रस्त्यांवर, कागदी, सुती आणि फोम यांच्यात इंजिन किती टिकते याची तुलना करायला काढलेल्या ऑइलमधले सिलिकॉनचे प्रमाण तपासणे हा सोपा मार्ग आहे. ट्रक आणि खाणीच्या यंत्रांसाठी तो वापरतात. मोटारसायकलवाले वापरत नाहीत, म्हणून दोन्ही बाजू इथे अंदाजानेच बोलतात.

माझे मत सांगतो. खानदेशातून निघून लडाखला जाऊन परत इथेच चालवायची गाडी असेल, तर डबा बंद ठेवावा, कड घट्ट ठेवावी, फिल्टर कंपनीच्या पुस्तकात धुळीच्या भागासाठी दिलेल्या मुदतीत बदलावा. ज्याला मोकळे करायचेच आहे त्याने इंधन जुळवण्याचा खर्च आधी धरावा. तो परवडत नसेल तर भोकही परवडत नाही.

जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या यंत्र शाखेच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. तीन फिल्टर, एक गाडी, पाण्याची नळी आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला काढलेल्या ऑइलचा नमुना एवढ्या सामग्रीवर शेवटच्या वर्षाचा चांगला प्रकल्प होईल, आणि त्याचे निष्कर्ष या भागातल्या प्रत्येक गॅरेजच्या कामाला येतील. बाकीच्यांनी डब्याला ड्रिल लावण्याआधी ती नळी लावून पाहावी. पूर्ण थ्रॉटलला फरक दहा सेंटीमीटरच्या आत आला, तर ड्रिल पेटीत परत ठेवावे.